एकोणीस एके



एकोणिसाचा पाढा हा शाळकरी मुलांचा जुना वैरी आहे. "एकोणीस एके एकोणीस" हें पहिलें पद कोणींहि म्हणावें. खरी परीक्षा सत्ते-अठ्ठे आले म्हणजे होते. आजच्या भाषणाचा विषय मात्र त्या पहिल्या पदांतच आहे. केवळ त्याचा अर्थ थोडा पालटून घ्यावयाचा. विक्रोळीच्या टागोर नगरांत किंवा कन्नमवार नगरांत एखादें मूल पाटी घेऊन बसलें आहे आणि त्यानें एकाचा आंकडा एका ओळींत एकोणीस वेळां लिहिला आहे, असें समजावें:

११,११,११,११,११,११,११,११,१११

ही संख्या लिहावयास अर्धें मिनिट पुरतें. पण तिला दुसऱ्या एखाद्या संख्येनें नि:शेष भाग जातो कीं नाहीं, एवढाच प्रश्न त्या मुलानें विचारला, तर घरांतील पदवीधर मंडळींनाहि गप्प बसावें लागेल. प्रश्न पोराचा, पण उत्तर थोरांना दमविणारें. या एका प्रश्नाच्या मागें लागलें असतां गणितशास्त्राच्या मुळाशीं असलेला एक भेद स्पष्ट होतो. एखादी गोष्ट खरी दिसणें आणि ती खरी ठरणें यांतला तो भेद होय.

भास्कराचार्यांचा लीलावती हा ग्रंथ ११५० सालचा. त्यांत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलेलीं आहेत. पाटीवरील संख्येचीं स्थानें एकोणीस. म्हणजे परार्धाचेंहि स्थान ओलांडून ती एक पाऊल पुढें उभी आहे. तथापि तिचें मोठेपण तिच्या लांबींत नाहीं. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याहि संख्येनें नि:शेष भाग जात नाहीं, तिला मूळ संख्या म्हणतात. दोन, तीन, पांच, सात, अकरा या मूळ संख्या सर्वांच्या ओळखीच्या आहेत. एकोणीस एकांची ही लांबलचक संख्याहि त्याच कुळांतली आहे.

एकपदरी हाराला आपल्याकडे एकावली म्हणतात. नुसत्या एकांनीं गुंफलेल्या या संख्यांना या भाषणापुरतें तेंच नांव द्यावें. या एकावलींचा नाद ज्यांना जन्मभर होता, असे एक गणिती महाराष्ट्रांत होऊन गेले, आणि त्यांच्या कामाचा एक धागा विक्रोळीवरून जाणाऱ्या रुळांशीं जोडलेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास हिंदुस्थानांतील पहिली प्रवासी गाडी गेली, आणि पुढल्याच वर्षीं तो मार्ग कल्याणपर्यंत पोंचला. विक्रोळी, ठाणें, डोंबिवली हीं स्टेशनें याच मार्गावरचीं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना मुंबईपासून सुमारें तीस मैलांवरच्या डोंबिवली स्टेशनावर एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली. त्या स्टेशनाचें नांव ते डेम्लो असें देत, म्हणून त्या संख्यांना त्यांनीं डेम्लो संख्या म्हटलें.

कापरेकरांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. शालेय शिक्षण ठाण्यास आणि पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत झालें. तेथें १९२७ सालीं त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. १६५ ही संख्या घेतली, तर दोन टोंकांचे आंकडे एक व पांच यांची बेरीज मधल्या सहाइतकी येते. ४७७७३ मध्यें चार व तीन मिळून सात, आणि मधोमध सातच सात. अशा संख्यांवर कापरेकरांनीं पुष्कळ लिहिलें. त्यांतल्या कांहींना त्यांनीं अद्भुत डेम्लो संख्या असें म्हटलें, आणि त्या म्हणजे एकावलींचे वर्ग होत. अकराचा वर्ग १२१, एकशें अकराचा १२३२१, आणि नऊ एकांच्या एकावलीचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. आंकडे पायऱ्या चढून नवापर्यंत जातात आणि त्याच पायऱ्यांनीं खालीं उतरतात. कित्येक विद्वानांना कापरेकरांचें हें काम म्हणजे अंकांचीं खेळणीं वाटत असे. पण खेळणें मोडून आंत काय आहे हें पाहणाऱ्या मुलाला जें सांपडतें, तें नुसतें कौतुक करणाऱ्याला सांपडत नाहीं. एकावली मोडून पाहण्याचा, म्हणजे तिचे अवयव पाडण्याचा, प्रयत्न केला म्हणजे याची प्रचीति येते.

दोन एकांची संख्या अकरा. ती मूळ आहे. तीन एकांची १११. तिचे अवयव ३ आणि ३७. चार एकांची ११११; तिचे ११ आणि १०१. पांच एकांची मोडते ती ४१ आणि २७१ अशी. सहा एकांची संख्या फोडण्यास तर प्रयत्नच नको. सहा एक म्हणजे तीन एकांचे दोन गट, म्हणून तिला १११ नें भाग जातो. आणि दोन एकांचे तीन गटहि होतात, म्हणून ११ नेंहि जातो. यावरून एक नियम निघतो: एकांची मोजदादच जर गटांत विभागतां येत असेल, तर एकावलीहि विभागते. ती मूळ असावयाची तर एकांची मोजदाद मूळ संख्याच असली पाहिजे.

येथें उतावळा विद्यार्थी म्हणेल कीं, मोजदाद मूळ असली म्हणजे एकावली मूळ झालीच! शाळेंत अशा विद्यार्थ्याची वहीच त्याला उत्तर देते. सात ही मूळ संख्या आहे, पण सात एकांची संख्या २३९ आणि ४६४९ यांचा गुणाकार आहे. अकरा एकांची संख्या २१६४९ आणि ५१३२३९ यांचा. तेरा एकांची मोडते. सतरा एकांचीहि मोडते, आणि तिचा लहानांत लहान अवयव वीस लाखांच्या पलीकडचा आहे. म्हणजे सतरा एकांच्या संख्येला पहिल्या वीस लाख संख्यांनीं भागून पाहिलें तरी एकहि भाग जात नाहीं. वीस लाख साक्षीदार ती मूळ आहे असें सांगतात, आणि ते सर्व चुकतात. दिसणें आणि ठरणें यांत किती अंतर असूं शकतें, हें या एका उदाहरणावरून ध्यानांत यावें.

मग एकोणीस एकांची संख्या मोडत नाहीं असें ठरवावयाचें कसें? एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील, तर त्यांतला लहान हा तिच्या वर्गमुळाहून मोठा असूं शकत नाहीं. या संख्येचें वर्गमूळ सुमारें एकशें पांच कोटि आहे. तेवढ्या मर्यादेंत पांच कोटींहून अधिक मूळ संख्या येतात. त्या प्रत्येकीनें भागून पाहावयाचें, आणि मिनिटास एक भागाकार करावयाचा, तर झोप व जेवण सोडूनहि सुमारें शंभर वर्षें लागतील. शिवाय मूळ संख्यांची यादी आणावयाची कोठून? १९१४ सालीं अमेरिकेंत डी. एन. लेहमर यांनीं प्रसिद्ध केलेली मोठी यादी एक कोटीच्या किंचित् पुढें जाऊन थांबते.

येथें शाळेंत शिकलेल्या आवर्त दशांशांची मदत होते. एकाला ३७ नें भागलें तर ०२७, ०२७ असे तीन-तीन आंकडे पुन:पुन्हां येत राहतात. आणि ३७ हा तीन एकांच्या संख्येचा अवयव आहे. एकाला ४१ नें भागलें तर ०२४३९ हे पांच आंकडे फेर धरतात. आणि ४१ हा पांच एकांच्या संख्येचा अवयव आहे. हा योगायोग नव्हे. एकोणीस एकांच्या संख्येला जर एखादी मूळ संख्या भागत असेल, तर एकाला तिनें भागल्यावर दशांशांचा फेरा बरोबर एकोणीस आंकड्यांचाच आला पाहिजे. आतां मूळ संख्येनें भागतांना शून्याखेरीज जितक्या बाक्या राहूं शकतात, त्यांची संख्या त्या मूळ संख्येहून एकानें कमी असते; आणि त्या सर्व बाक्या सारख्या लांबीच्या फेऱ्यांत वांटल्या जातात. म्हणून एकोणीस एकांच्या संख्येच्या कोणत्याहि मूळ अवयवांतून एक वजा केला, तर उरलेल्या संख्येला एकोणिसानें भाग जावाच लागतो. तो अवयव विषम असल्यामुळें दोहोंनीहि जातो, म्हणजे अडतिसानें जातो.

या नियमाचें बळ सात एकांच्या लहान संख्येवर पाहतां येईल. तिच्या अवयवांतून एक वजा करून चौदानें भाग गेला पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमानें २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११ आणि २३९. आठव्या प्रयत्नास संख्या मोडते. नियम ठाऊक नसता तर दोनापासून आरंभ करून बावन्नाव्या प्रयत्नास यश आलें असतें. एकोणीस एकांच्या बाबतींत त्याच नियमानें पांच कोटि भागाकारांचे सुमारें तीस लाख होतात. शंभर वर्षांचें काम सहा वर्षांच्या आंत येतें. येथें परिश्रम वांचले ते घाईनें नव्हे, विचारानें.

या संख्येच्या मूळपणाची सिद्धता पहिल्या महायुद्धाच्या काळांत ऑस्कर हॉप यांनीं दिली. तेवीस एकांची संख्याहि मूळ आहे. हें १९३० च्या सुमारास क्रायचिक यांनीं आणि उपर्युक्त लेहमर यांचे पुत्र डी. एच. लेहमर यांनीं स्वतंत्रपणें ठरविलें. या सिद्धतांचें एक फळ मोठें मनोहर आहे. एकाला भागल्यास एकोणीस आंकड्यांचा फेरा देणारी मूळ संख्या साऱ्या विश्वांत एकच आहे, आणि ती म्हणजे स्वतः एकोणीस एकांची संख्या. तो फेरा तरी कसा? अठरा शून्यें आणि शेवटीं एक नऊ. पुन्हां अठरा शून्यें आणि एक नऊ.

तेवीस एकांनंतर मात्र शोधाची वाट फार लांबली. पुढली मूळ एकावली थेट तीनशें सतरा एकांची. येथें भागाकाराची रीति निरुपयोगी होते, आणि सतराव्या शतकांतील फर्मा या फ्रेंच गणितीचा सिद्धान्त कामास येतो. विषम मूळ संख्या घ्यावी. तिच्याहून एकानें लहान असलेल्या संख्येइतका दोहोंचा घात करावा. त्याला मूळ संख्येनें भागावें. बाकी एकच राहते. बाकी एक राहिली नाहीं, तर ती संख्या मूळ नव्हे हें निश्चित. पण बाकी एक राहिली म्हणजे ती मूळच असें नाहीं. दोहोंचा दहावा घात १०२४. त्याला ३४१ नें भागिलें असतां बाकी एक. म्हणून दोहोंच्या तीनशें चाळिसाव्या घातालाहि ३४१ नें भागतां बाकी एकच उरते. यावरून ३४१ मूळ वाटते. पण ती अकरा आणि एकतीस यांचा गुणाकार आहे. सोंग हुबेहूब वठलें म्हणून बहुरूपी राजा होत नाहीं.

तीनशें सतरा एकांची संख्या अशा कसोट्यांस उतरते, हें १९६६ सालीं दिसून आलें. तरीहि गणितज्ञांनीं तिला मूळ म्हटलें नाहीं. ह्यू विल्यम्स यांनीं १९७७ सालीं सिद्धता दिली तेव्हांच तिचें नांव यादींत चढलें. एक हजार एकतीस एकांच्या संख्येची सिद्धता १९८६ ची. एकोणपन्नास हजार एक्याऐंशी एकांची संख्या १९९९ सालीं सांपडली. ती मूळ असल्याबद्दल कोणास शंका नव्हती, तरी यंत्रांच्या साह्यानें सिद्धता होण्यास २०२२ साल उजाडलें. तेवीस वर्षें ती संख्या दाराशीं उभी होती, आणि शास्त्रानें तिला "बहुधा मूळ" याहून एक अक्षर अधिक दिलें नाहीं. २०२१ सालीं सांपडलेली ८१,७७,२०७ एकांची संख्या अशीच "बहुधा मूळ" म्हणून नोंदली गेली. उलट, २०२४ सालीं जी त्या वेळची सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणून जाहीर झाली, तिला चार कोटींहून अधिक आंकडे आहेत, आणि तिची सिद्धता मात्र पूर्ण आहे. ती संख्या दोहोंच्या १३,६२,७९,८४१ व्या घातांतून एक वजा करून येते. यंत्रें जी केवळ शून्य आणि एक यांची लिपि वापरतात, तींत लिहिल्यास तीहि एकावलीच होय. त्या लिपींतील एकावलींसाठीं खास कसोटी आहे, आणि तिच्या कर्त्यांत पुन्हां धाकटे लेहमर आहेत. म्हणजे प्रश्न केवळ संख्येच्या आकाराचा नाहीं. तिच्यापर्यंत पोंचण्याची वाट सांपडली आहे कीं नाहीं, याचा आहे.

गृहस्थाश्रमी श्रोता येथें विचारील कीं, या काथ्याकुटाचा संसाराशीं संबंध काय? संबंध कुलुपाचा आहे. विक्रोळीचें नांव घेतलें कीं गोदरेजचा कारखाना आठवतो, आणि त्या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ १८९७ सालीं कुलुपांनीं झाला. पैशाचा व्यवहार आतां टेलिफोनवरून होऊं लागला आहे, आणि तेथील एक फार मोठें कुलूप मूळ संख्यांचें आहे. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनीं १९७७ सालीं तें घडविलें. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करून तो गुणाकार चारचौघांत जाहीर करावयाचा. मूळ संख्या मात्र गुप्त ठेवावयाच्या. गुणाकार जाणणाऱ्या कोणासहि कुलूप लावतां येतें. तें उघडतां येतें तें ज्याच्यापाशीं अवयव आहेत त्यालाच. ज्या मार्टिन गार्डनर यांनीं १९७५ च्या मार्चमध्यें "सायंटिफिक अमेरिकन" मासिकांतून कापरेकरांची ओळख जगाला करून दिली, त्यांनींच १९७७ च्या ऑगस्टमध्यें त्याच मासिकांत या कुलुपाची हकीकत छापली. सोबत १२९ आंकड्यांची एक संख्या फोडण्याचें आव्हानहि होतें. ती फोडण्यास कल्पान्त होईल असा तेव्हांचा अंदाज होता. शेंकडों स्वयंसेवकांनीं आपलीं यंत्रें जुंपून ती १९९४ सालीं फोडली. तेव्हांपासून अधिक लांबीच्या संख्या घेण्याची वहिवाट पडली.

या घटनेंत एक गंभीर इशारा आहे. दिलेली संख्या मूळ आहे कीं नाहीं, हें वाजवी काळांत निश्चितपणें सांगणारी सर्वसाधारण रीति कानपूर येथील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनीं २००२ सालीं सिद्ध करून दाखविली. परंतु मोठ्या संख्येचे अवयव पाडणें हें खरोखरीच दुष्कर आहे, हें मात्र आजवर कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. सोपी वाट अद्याप कोणास सांपडलेली नाहीं, एवढेंच काय तें ठाऊक आहे. म्हणजे घरोघरच्या ठेवींवर जें कुलूप आहे, त्याची मजबुती "ठरलेली" नसून "दिसलेली" आहे. सतरा एकांच्या संख्येबद्दल वीस लाख भागाकारांनीं जी साक्ष दिली, तिच्याच जातीची ही साक्ष आहे. व्यवहाराला ती पुरते, आणि व्यवहारानें तिच्यावर चालावें हें योग्यहि आहे. पण ती सिद्धता नव्हे, हें विसरूं नये.

शाळेंत उत्तर बरोबर आलें कीं मुलें पाटी पुसावयास धांवतात. रीति लिही म्हणून सांगणारा मास्तर त्यांना त्या वेळीं जाचक वाटतो. तेवीस वर्षें एका संख्येला "बहुधा" या शब्दावर ताटकळत ठेवणारें शास्त्र त्याच मास्तराच्या वर्गांतलें आहे. कापरेकर १९८६ सालीं निवर्तले. एक हजार एकतीस एकांच्या संख्येची सिद्धता त्याच सालची.

ज्या घरीं पाटी किंवा वही हाताशीं असेल, तेथील मुलांनीं आज रात्रीं तेरा एकांची संख्या घ्यावी. तिच्या अवयवांतून एक वजा केल्यास सव्विसानें भाग गेला पाहिजे, एवढें ध्यानांत ठेवून आरंभ करावा. फार वेळ लागणार नाहीं. मात्र उत्तर आलें म्हणजे लगेच पाटी पुसूं नये. भाग नि:शेष गेला कीं नाहीं, हें गुणाकार करून एकवार ताडून पाहावें.